चेडोबाचा कोपरा

३ एप्रिल, गुरुवार

ही वही समीनं पाठवली. समी म्हणजे समिधा, माझ्या योगेंद्रची लेक. भुवनेश्वरला दवाखान्यात नर्स आहे. नवरा पण तिथलाच केला. भात खाणारा आहे म्हणून मी हरकत घेतली नाही. तिला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टर म्हणाला प्रवास नको, म्हणून सून केव्हाच तिकडं गेली. आता तेरा तारखेला बारसं. योगेंद्र आणि मी जाणार. विमानानं.

समी फोनवर म्हणते, "आजी, खिडकीपाशी बस आणि खाली काय दिसतं ते सगळं लिही. बाळ मोठी झाली की मी तिला वाचून दाखवीन."

म्हटलं, "अगं, मी चौथी शिकलेली. त्यात पण निम्मं वरीस लावणीत जायचं."

"मग निम्मंच लिही."

पोरीला तोंड माझं आलंय. तर लिहिते. बोलताना हाय-नाय बोलते ते लिहिताना आहे-नाही करते, मास्तरनं तेवढं शिकवलं होतं.

आज लिहिण्यासारखं काही नाही. राबासाठी झाडांच्या डहाळ्यांचा टाहाळ तोडून वाळत घातलाय, आल्यावर भाजायचा. बाळा, राब तुला कोण सांगणार, म्हणून मीच सांगते. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण, टाहाळ, सुक्या पानांचा पातेरा, वर माती असं पसरायचं आणि पेटवायचं. जमीन भाजून निघते, गवत मरतं, मग पावसाळ्यात रोप जोरात येतं. तेवढाच तुकडा काळा होतो. काळा तुकडा दिसला की समजायचं, इथं यंदा कोणीतरी भात लावणार आहे.

५ एप्रिल, शनिवार

नागू आला होता. माझा धाकटा भाऊ. लोणच्याला पिशवीभर कैऱ्या घेऊन आला. दरवर्षी आणतो, मे महिन्यात आंबे पण आणतो. सांगतो, खोपोलीच्या बाजारातून घेतल्या.

कैऱ्या चांगल्या आहेत. देठाला अजून चीक होता, माझ्या बोटाला लागला तर चरचरलं. बाजारात इतक्या ताज्या कशा देतात कोण जाणे. आणि चोच काढलेल्या, अगदी आमच्या राघूसारख्या. राघू म्हणजे माझ्या माहेरच्या दारातला आंबा.

म्हटलं, "नागू, राघूची जात बाजारात पण आली रं."

"कलमं केली आसतील लोकांनी, बाय," म्हणाला आणि पाणी प्यायला उठला. पाणी त्याच्यासमोरच ठेवलं होतं.

बाळासाठी लिहून ठेवते. माझं माहेर खालापूर तालुक्यात होतं. आता नाही. धरण झालं, त्यात गेलं. बाप आधीच्या वर्षी गेला म्हणून त्याला बघावं लागलं नाही. पाणी चढल्यावर नागूनं मला धरणाच्या बांधावर नेलं आणि पाण्यात बोट दाखवलं. "थितं खाली आपलं घर, बाय." मी बघितलं, सगळं पाणीच पाणी. पदरानं डोळे पुसले आणि परत आले. नंतर कधी गेले नाही. पाण्यात गेलेल्या घराकडं रोज जाऊन करायचं काय?

त्याआधी मी नवऱ्याशी भांडले की माहेर गाठायची. नवरा म्हणजे चांगो, तुझ्या आईचा आजोबा. आमच्यात अशी रीत, भांडून आलेली लेक न्यायला नवऱ्यानं स्वतः यायचं. बाप त्याला जेवायला घालायचा, मग राबाच्या कोपऱ्यात चेडोबाच्या धोंड्यापाशी बसवायचा आणि चार माणसांसमोर शपथ घ्यायला लावायचा की पुन्हा हात उचलणार नाही. चेडोबा शेताची राखण करणारा देव. त्याला हात लावून खोटं बोलायची कोणाची छाती नाही. चांगो घाम पुसत शपथ घ्यायचा. वर्षभर बरं चालायचं.

मग धरण आलं. चांगो म्हणाला, "तुजा देवच पाण्यात गेला, आता शपथ कसली?" मग मी नांदले. नाहीतर संसार झाला नसता, असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि ते खरंच असेल.

८ एप्रिल, मंगळवार

बसले विमानात. आता लिहितेय ते समीच्या घरात बसून.

विमानतळावर योगेंद्रनं फोटो काढला, म्हणे समीला पाठवायचाय, हस. मी तोंड मिटून हसते. पुढचे दोन दात नाहीत, मोरीत पाय घसरून पडले होते. लोणच्याची बरणी बॅगेत होती ती त्यांनी खालच्या सामानात टाकायला लावली. पिशवीत राहिली असती तर पोलिसानं वास घेतला असता, बिचाऱ्याला तेवढंच बरं वाटलं असतं.

खिडकी योगेंद्रनं घेतली. म्हणाला, "तुला आधी चक्कर यील, आये. जरा वेळानं बस." मी मधल्या जागेवर. त्याच्या खांद्याआडून खाली निळी ताडपत्री, खाडी, खाडीत मिठाचे चौकोन दिसले. मग नुसता त्याचा कान. आपलं कर्जत कधी गेलं कळलंच नाही. घाट ओलांडल्यावर म्हणाला, "ये आता." काळजी करतो. बापावर गेला नाही.

तर काय दिसलं.

देश दिसला. घाटावरची जमीन. सगळीकडं एकच रंग, भाजून ठेवलेल्या नाचणीसारखा. समी म्हणायची, वरून शेतं गोधडीसारखी दिसतात. मी गोधड्या शिवल्यात. असे वाकडेतिकडे तुकडे जोडले असते तर सासूनं रात्रभर उसवायला लावलं असतं. शेतं भावांनी वाटून घेतल्यासारखी दिसतात. एकाला लांब पट्टी, एकाला कोपरा, मधे बांध, बांधावर भांडण. वरून भांडण ऐकू येत नाही, पण बांध दिसतो.

नद्या कोरड्या. नदी गेल्याची खूण फक्त, जसं पायातलं पैंजण काढल्यावर घोट्याला वळ राहतो. धरणं मात्र भरलेली. प्रत्येक धरणाच्या कडेनं पिवळा पट्टा, पाणी उतरलेलं. मी प्रत्येकाकडं बघून म्हटलं, ह्याच्यात कोणाचं माहेर असेल.

मग डोंगर, जंगल. जंगलात जागोजाग धूर. योगेंद्र म्हणाला वणवे आहेत. म्हटलं, मोहाच्या झाडाखाली पातेरा जाळत असतील, फुलं वेचायला. त्याला माहीत नव्हतं, मला पण खात्री नव्हती, पण मी म्हटलं ते त्यानं मानलं.

ढग दिसले थोडे. वरून बघितलेला ढग म्हणजे पेजेवरची साय. ढगाची सावली जमिनीवर चालते हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. काळी, कडा पुसट, आणि सरकत राहते. त्या बघून मला हसू आलं. योगेंद्र म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "गुरं चाललीत."

शेवटी एक मोठी नदी आली, नुसती वाळू आणि वाळूत पाण्याची वेणी. मग उतरलो. बाळ बघितली. नाक चांगोचं आहे. जाऊ दे.

१४ एप्रिल, सोमवार

काल बारसं झालं. बाळाचं नाव उर्वी. मला विचारलं असतं तर मी सोपं सांगितलं असतं.

लोणचं सगळ्यांना आवडलं. समीनं फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "झाड यंदा लवकर धरलं वाटतं."

"कुठलं झाड?"

सून घाईनं म्हणाली, "झाडं ओ आत्या, सगळीकडचीच." मग तिनं समीला आत चहा टाकायला पाठवलं. चहा मी नुकताच ठेवला होता.

दुपारी बाळ झोपल्यावर समी कागद-पेन घेऊन बसली. म्हणाली, "आजी, तुझं माहेर कसं होतं ते काढून दाखव." मला चित्र काय येतंय. दोन ओढे काढले, मधे टेप, म्हणजे उंचवटा. टेपावर घर, दारात राघू. घरामागं राब.

"राबाला असा कोपरा का कापलास?"

म्हटलं, "तो चेडोबाचा. सगळ्यांचा राब चौकोनी, माझ्या बापाचा एक कोपरा सोडून. थितं धोंडा नि करवंदाची जाळी. आग लागू द्यायची नाय. लांबून कोणी पण वळखायचं, कोपरा खाल्लेल्या भाकरीसारखा राब, म्हंजे आमचा."

तिनं कागद फिरवून फिरवून बघितला. मग म्हणाली, "आणि हे सगळं बुडालं?"

"मी सोता बघितलं. बांधावरून."

"बांधावरून ही डोंगराची सोंड मधे येत नाही?"

"तुला काय ठाव सोंड?"

"तूच काढलीस की," म्हणाली. काढली होती खरी.

संध्याकाळी तिनं बापाला सांगितलं की परतीच्या जागा तिनं बदलून घेतल्यात. आजी डावीकडच्या खिडकीशी. योगेंद्र म्हणाला, "कशाला उगाच?" ती म्हणाली, "माथेरान छान दिसतं, पप्पा." माथेरान उजवीकडं दिसेल की डावीकडं मला काय कळतंय. पण बापलेक एकमेकांकडं बघत होते, जेवण होईपर्यंत. पोरगी बाळंतीण आहे, चिडचिड होते.

झोपायला जाताना मला म्हणाली, "घाट आला की झोपू नको हां आजी. आणि खिडकी सोडू नको."

१८ एप्रिल, शुक्रवार

घरी आले. पाय धुतले. चहा घेतला नाही. लिहिते.

पुण्याच्या पुढं आलो आणि घाट सुरू झाला. उन्हं कलती होती, एक ढग नाही. मला गेल्या वर्षी मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं सुईसारखं दिसतं, जवळचंच दिसत नाही. घाटाचा कडा सरळ खाली उतरला आणि आपला मुलूख आला. मी योगेंद्रला म्हटलं, "ती बघ पेज!" बिजलीघराचं पाणी सोडतात म्हणून पेज नदीच्या काठानं उन्हाळी भात, तेवढा हिरवा पट्टा, बाकी सगळं सुकं गवत. सुक्या गवतात जागोजाग काळे तुकडे. लोकांनी राब भाजायला घेतलेत. मला वाटलं आपला राहिलाय, उद्या लागलं पाहिजे.

तेवढ्यात विमान वळलं. कप्तान बोलला. योगेंद्र म्हणाला मुंबईत उतरायला जागा रिकामी नाही, म्हणून घिरट्या घालायला लावलंय.

वळल्यावर पंख खाली झाला आणि धरण दिसलं. आधी बांध, सरळ रेघ. मग पाणी. पाण्यात आलेली डोंगराची सोंड. मी म्हटलं, हेच ते. आणि सोंडेच्या मागं, जे बांधावरून कधीच दिसलं नसतं, दोन ओढे. दोन ओढ्यांच्या मधे टेप. कोरडा. त्याच्यावर मोठं झाड, झाडाशी पत्रा चमकला. पत्र्याच्या मागं काळा तुकडा, एका अंगानं अजून धूर निघत होता.

कोपरा खाल्लेल्या भाकरीसारखा.

मी बोट लावलं काचेला. म्हटलं, "योगेंद्र, तो राब कोणाचा?"

तो वाकला पण नाही. "कुठं काय? ढगाची सावली आसंल, आये."

मी आभाळाकडं बघितलं. जाताना मी सावल्या बघितल्या होत्या, त्या सरकतात. आणि ढगाला कोपरा सोडायची अक्कल नसते.

विमान गोल फिरलं, माथेरान आलं, नेरळची नवी घरं आली काड्यापेट्या उभ्या केल्यासारखी, परत घाट आला. मी काचेला नाक लावून बसले. आता पुन्हा धरण येणार एवढ्यात योगेंद्रनं माझ्यावरून हात घातला आणि खिडकीची झडप खाली ओढली.

"ऊन लागतं तुला," म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. घाम आला होता. विमानात थंडी वाजत होती. घाम आला की तो बापासारखा दिसतो, हे मला आज कळलं.

विमानातली पोरगी आली, म्हणाली उतरताना खिडक्या उघड्या ठेवायच्या असतात. तिनंच झडप वर केली. टेप पुन्हा दिसला, जरा जवळून. धूर सरळ वर येत होता. कोणीतरी उकिडवं बसलं होतं त्याच्याशी. माणूस म्हणजे एक ठिपका. पण बसण्यावरून मी सांगते कोण ते. गुडघ्यात मान घालून बसतो, लहान होता तेव्हापासून.

मुंबईपासून घरापर्यंत मी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत आले. योगेंद्र बोलत होता, गाडीवाल्याशी.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी तो भाकरी खात होता तेव्हा समोर बसले.

"तू कितीदा चढलास राघूवर?"

त्यानं घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "लहानपणापासनं. मामा न्यायचा. कैऱ्या उतरायला."

"समीला पण?"

"ती शाळेत होती तवा. दोन-चार सुट्ट्या."

"सुनेला?"

तो भाकरीचे तुकडे करत बसला. म्हणजे सगळ्यांना. त्या टेपावर सगळे जाऊन आले, एक मी सोडून. जिचं होतं ती.

"बाबानं सांगितलेलं," म्हणाला. "आयेला कळता नये. मी शाळेत होतो, आये. मला वाटायचं गंमत हाय. मंग मोठा झालो, मंग बाबा गेला. मंग सांगायला कुठनं सुरू करू?"

"राब हाय, झाड हाय, इथनं सुरू करायचं."

"तुला तरास झाला आसता."

"मला तरास व्हायचा का नाय, ते पण तुमीच ठरवलंत?"

तो रडायला लागला. चाळीशी उलटलेला बाप्या, आजोबा झालेला, नाक भाकरीवर गळतंय. मी ताट उचललं.

बाळा उर्वी, दात मोरीत पडून गेले नव्हते. चेडोबा पाण्यात गेला त्याच्यानंतर गेले. बाकी मी इथं लिहीत नाही. तुला वाचून दाखवायचंय.

२२ एप्रिल, मंगळवार

तीन दिवस काम केलं. आमचा राब भाजला नाही. टाहाळ तसाच पडलाय.

आज दहिवलीला ठमीकडं गेले. ठमी माझ्या माहेरची, एकाच ओढ्यावर पाणी भरायचो. वीसएक वर्षांमागं एका लग्नात ती मला म्हणाली होती, "तुज्या टेपावर यंदा..." आणि चांगोनं मला हाक मारली. मी परत येईपर्यंत ती जेवायला बसली होती. त्याच्यानंतर दर लग्नात ती माझ्यापासून चार पंगती लांब बसायची. मला वाटायचं ठमीला गर्व झाला, लेक बँकेत लागला म्हणून. मी तसं चार जणींना सांगितलं पण.

दारात उभी राहून म्हटलं, "ठमे, टेपावर जायची वाट कुठली?"

ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता इचारतेस व्हय?"

"आता कळलं."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. वरनं बघितलं."

तिला वाटलं मी देवाचं बोलतेय. तिनं हात जोडले. मग विमानाचं सांगितलं तर सूप बाजूला ठेवून हसली, मग हसता हसता पदर तोंडाला लावला. म्हणाली, "धोंडू, तुज्या नवऱ्यानं माज्या नवऱ्याला दम दिलेला. बोलला, तुजी बायको बोलली तर ती घरात ऱ्हाणार नाय. आमी पण सवताच्या चुलीचं बघितलं. काय करायचं त्ये कर."

म्हटलं, "उद्या माज्यासंगती चल, बाकी काय नको."

२३ एप्रिल, बुधवार

ठमीच्या लेकाच्या टेंपोनं खालापूरच्या अंगानं गेलो. रस्ता संपल्यावर चालत. वाट चांगली मळलेली. माणसं रोज येतात जातात त्याशिवाय अशी वाट होत नाही.

टेप माझ्या आठवणीतल्यापेक्षा लहान आहे. घर पडलंय, जोतं शिल्लक, त्याच्यावर नागूनं पत्र्याची खोपी केलीये. राघू तसाच. खालची फांदी तोडलेली, तिच्यावर मी झोका बांधायची. राब भाजून काळा पडलेला, आणि कोपऱ्यात करवंदाची जाळी हिरवीगार, एक पान पण करपलं नव्हतं. धोंड्याला शेंदूर ताजा.

नागू खोपीतून बाहेर आला. मला बघितलं आणि मटकन खाली बसला, तसाच, गुडघ्यात मान.

म्हटलं, "देव कोरडा हाय."

तो राखेत बोट फिरवायला लागला.

"नागू, देव कोरडा हाय नि तू मला बोट दाखवलंस पाण्यात."

"भावजी बोलले, बाय. बोलले, ती हिकडं पळून येती, चार माणसांत मला धोंड्याशी बसवता, माजी आब्रू जाते. सांग तिला सगळं बुडालं. मंजे नांदंल."

"आणि तू सांगितलंस."

"माजं पण वय काय व्हतं?"

"लगीन करायचं वय व्हतं. येकट्या भावजींसाठी नाय सांगितलंस तू. माज्याकडं बघून बोल."

त्यानं बघितलं नाही, पण बोलला. "सगळी जमीन गेलेली. हा येवडासा उरला. म्हटलं बाय येईल, वाटा मागंल."

"मागितला आसता."

"मंग?"

"मंग काय? अर्ध्या टेपावर तू, अर्ध्यावर मी. चेडोबा मधी. भांडलो आसतो बांधावरून, दात तरी ऱ्हायले आसते."

ठमी लांब उभी होती, ती वळून झाडाकडं बघायला लागली. नागू म्हणाला, "कैऱ्या मी दरवर्सी आणल्या ना गं, बाय. येक वर्स चुकलो नाय. पयली उतरलेली तुला."

हे ऐकून मला जे झालं ते लिहायला मला शब्द नाही. शिवी आहे, पण बाळ वाचणार. दरवर्षी माझ्याच झाडाच्या कैऱ्या मला आणून दिल्यास, बाजारच्या म्हणून. आणि मी म्हणायची, राघूसारख्या आहेत, पण राघूची सर नाही.

आई शेवटी नागूकडंच होती. तिला हे माहीत होतं का ते मी विचारलं नाही. नागू सांगायला तोंड उघडत होता, मी म्हटलं, "गप."

मग मी चेडोबाला पाणी घातलं, राघूखाली जाऊन बसले आणि पिशवीतून माझं लुगडं काढून फांदीवर टाकलं. नागू म्हणाला, "हे काय?"

म्हटलं, "भांडून म्हायेरी आलेय. रीत ठाव हाय ना? न्यायला कोणी येईपर्यंत मला जा म्हणता येत नाय. जेवायला काय केलंस?"

२६ एप्रिल, शनिवार

तीन दिवस इथंच. नागूची बायको रोज दुपारी डबा घेऊन येते. पूर्वी मला बघून तोंड फिरवायची, आता तोंड फिरवायला जागा नाही, तिन्ही बाजूनं पाणी. काल मासळीचं कालवण आणलं. मीठ कमी. सांगितलं.

आज योगेंद्र आला. मोटारसायकल खाली लावून, हातात केळी घेऊन, पाहुण्यासारखा. ठमी पण आली होती, तिला मीच निरोप दिला होता. म्हणाला, "चल आये, घरी. झालं ते झालं."

"आधी जेव."

जेवला. मग मी बापाच्या जागी बसले, राघूच्या मुळावर. म्हटलं, "आता थितं बस."

"आये, कायतरीच..."

"तुजा बाप बसायचा. तू पण बस."

बसला धोंड्याशी. पँटीला राबाची राख लागली. नागू, त्याची बायको, ठमी आणि मी, चार माणसं मोजून झाली.

"काय बोलू?"

"मला काय इचारतोस? केलंस काय, ते बोल."

पुटपुटला. मी म्हटलं, "मोठ्यानं." मग मोठ्यानं बोलला. "आये, मला ठाव व्हतं. मी सांगितलं नाय. इमानात झडप मीच वढली." आवाज पाण्यावरून गेला आणि सोंडेवर आपटून परत आला. मग त्याच्या शेजारी नागू आपण होऊन येऊन बसला. त्याला मी बोलावलं नव्हतं. तो पण बोलला. ठमी म्हणाली, "माजं पण," आणि आली. एवढ्याशा कोपऱ्यात तिघं, करवंदीचे काटे टोचत होते त्यांना, पण हलले नाहीत.

ज्याला पहिल्यानं बसवायचं तो मात्र सुटला. फोटोत आहे घरी, हार घालून. योगेंद्रला सांगितलं, हार काढून ठेव, फोटो राहू दे.

"आता तरी येशील ना?" म्हणाला.

"न्यायला आलास, रीत झाली. मी आंबे पिकले की येईन. घरचा राब तू भाज. वाळून गेलाय टाहाळ, दुपारचा वारा बघून पेटव, नायतर शेजाऱ्याचं गवत जाळशील."

"मी कदी भाजला नाय, आये."

"झडप वढायला कोणी शिकवलं व्हतं?"

गेला. वाटेवर वळून वळून बघत होता.

इथून विमानं खूप दिसतात. घाटाकडून येतात, कधी कधी घिरट्या पण घालतात. आवाज नंतर येतो. मी मोकळी असले की धोंड्यापाशी जाऊन बसते, काळ्याच्या कडेला, पांढरं लुगडं नेसून, म्हणजे वरून उठून दिसावं.

समे, बाळाला घेऊन येशील तेव्हा तिला डावीकडच्याच खिडकीशी बसव. तुला ती बाजू कशी सुचली कोण जाणे, विमान वळलं नसतं तर माथेरान उजवीकडंच राहिलं असतं. घाट उतरला की तिला जागी ठेव, आणि शेजारी कोणी पण असो, झडपेला हात लावू देऊ नको.